दोन माणसांच्या हातांची नौका

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझा छंद’. ग्रुपवर गेला महिनाभर जी चर्चा चालली आहे त्यावरून या छंदाबद्दल तीन समज पसरलेले दिसतात. पहिला, मी भंगारातून बोट करते आहे. दुसरा, ती प्रवरेत चालवणार आहे. तिसरा, आयटीत पैसा फार झाला की माणसाचं असं होतं. तिसऱ्याचं उत्तर माझ्या गृहकर्जाचं स्टेटमेंट देईल. पहिल्या दोन्हींचं मी देते.

‘जंक’ म्हणजे इथे भंगार नव्हे. जंक हे चिनी पद्धतीच्या शिडाच्या जहाजाचं नाव आहे. शब्द आग्नेय आशियातून, मलाय-जावा भागातून युरोपीय भाषांत गेला आणि तिथे त्याची भंगाराच्या ‘जंक’शी नावापुरती गाठ पडली. ही जहाजं आपल्या देशाला नवीन नाहीत. चौदाव्या शतकात इब्न बतूता कालिकतला आला तेव्हा त्याने तिथल्या बंदरात चिनी जहाजं उभी पाहिली, आणि त्यांची शिडं बांबूच्या चटईसारखी विणलेली होती असं लिहून ठेवलं.

शीड कसं असतं ते सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात ओसरीला बांबूच्या काड्यांचा पडदा लावतात, तो डोळ्यांसमोर आणा. दोरी ओढली की वर जातो, सोडली की घडी पडत खाली येतो. जंक शीड तसंच आहे. कापडात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाच-सहा आडव्या दांड्या असतात, त्यामुळे शिडाचे आडवे कप्पे पडतात. शिडाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे आणि बराचसा मागे असतो. प्रत्येक दांडीच्या मागच्या टोकाला एक बारीक दोरी, आणि त्या सगळ्या दोऱ्या कासऱ्यासारख्या एकत्र येऊन चालवणाऱ्याच्या हातात. वारा वाढला की वर ओढणारी दोरी सैल करायची. शीड स्वतःच्या वजनाने एक कप्पा, दोन कप्पे खाली बसतं आणि दोन्ही बाजूंना लावलेल्या दोऱ्यांच्या झोळीत पडून राहतं. बसल्या जागेवरून. नेहमीच्या तिकोनी शिडाला हे करायचं तर बहुतेक वेळा हलत्या नौकेवर, ओल्या फळीवरून पुढे डोलकाठीपर्यंत जावं लागतं, तेही नेमकं वारा वाढल्यावर, रात्री.

आणखी एक फरक. नेहमीच्या नौकेची डोलकाठी तारांनी चारी बाजूंनी ताणून धरलेली असते. जंकची बहुधा नुसती उभी असते, आपल्या देवळापुढच्या झेंड्याच्या काठीसारखी. तळाशी रोवलेली, मध्ये नौकेच्या छताने धरलेली, बाकी मोकळी. तारा नाहीत, त्यांचे पंचवीस जोड नाहीत, म्हणून तुटायच्या पंचवीस जागाही नाहीत. शिडावर ताण कमी, म्हणून कापडही फार महाग लागत नाही. घरच्या शिलाई मशिनवर शिवता येतं. घरी नौका बांधणाऱ्या माणसाला हा प्रकार का आवडतो ते यावरून कळेल.

हे आधुनिक नौकांवर आणलं ते ब्लाँडी हॅसलर नावाच्या इंग्रज माणसाने. दुसऱ्या महायुद्धात तो रॉयल मरीन्समध्ये होता. १९६० साली एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली, तिच्यात पाच नौका होत्या. हॅसलर त्याच्या ‘जेस्टर’ नावाच्या छोट्या जंक शिडाच्या नौकेतून ४८ दिवसांत न्यूयॉर्कला पोचला आणि दुसरा आला. पुढे त्याने जॉक मॅक्लाऊड यांच्याबरोबर याच विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं, १९८८ साली निघालं. माझ्याकडची प्रत आता इतकी वापरून झाली आहे की बाइंडिंग दोनदा केलं.

आता प्रश्न असा की जेस्टर छोटी होती, एकट्या माणसाची. मला हवी आहे मोठी. दोन माणसं, कधी तिसरी मुलगी, महिना-दोन महिन्यांचं पाणी आणि शिधा घेऊन निघतील अशी. मग छोटीचा नकाशा घ्यायचा आणि झेरॉक्सवाल्याला ‘दीडपट कर’ म्हणायचं, असं का नाही चालत?

इथे मला आपल्या भूमितीच्या बाई आठवतात. त्या आज समोर बसल्या आहेत, म्हणून जपून बोलते. घनाची बाजू दुप्पट केली की पृष्ठफळ चौपट आणि घनफळ आठपट, हे त्यांनी आपल्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं की झोपेतही म्हणू. नौकेला हेच लागू आहे. सहा मीटरची नौका सव्वा टनाची असेल, तर त्याच आकाराची बारा मीटरची दहा टनांची होते. शिडाचं क्षेत्रफळ मात्र चौपटच. आणि नौका कलली की तिला पुन्हा सरळ करणारं जे बळ असतं, ते वजन गुणिले अंतर, म्हणजे सोळापट. ऐकायला छान वाटतं, मोठी नौका सहजासहजी कलत नाही. पण जी नौका कलत नाही ती वाऱ्याचा सगळा जोर डोलकाठीवर घेते. तारा नसलेल्या मोकळ्या डोलकाठीच्या बुडाशी तो सोळापट ताण येतो. तो पेलायला जाडी अडीचपट करावी लागते. एवढा सोट आणायचा कुठून, उभा कोण करणार?

आणि या सगळ्या दुप्पट, चौपट, आठपट, सोळापटीत एक आकडा कधीच बदलत नाही. माणूस. माझे दोन हात सहा मीटरच्या नौकेवर जेवढे, तेवढेच बारा मीटरच्या. माझ्या मते घरी मोठी नौका बांधण्याचा सगळा विषय एवढाच आहे. लोक लांबी विचारतात. विचारायला हवं वजन, आणि मग ते वजन कोण उचलणार.

मोठ्या जंक नौकेला म्हणूनच दोन डोलकाठ्या देतात. माझ्या नौकेला एकूण छप्पन्न चौरस मीटर शीड लागतं. ते एकच केलं तर दांड्यांसकट वजन शंभर किलोच्या वर जातं. दोन केली, मागचं बत्तीस आणि पुढचं चोवीस, तर मोठं शीड साधारण पंचेचाळीस किलोवर येतं. त्याला तीन पदरी कप्पी लावली की घर्षण धरून हाताला वीसेक किलो लागतं. भरलेली घागर. आपल्यातल्या ज्यांनी रहाटावर पाणी ओढलंय त्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवायची गरज नाही. आणि शंभर किलोला मोट लागते, बैल लागतात, हेही माहीत आहे.

याचे तोटेही आहेत. जंक शिडाचे भक्त ते सांगत नाहीत. सपाट शिवलेलं जंक शीड वाऱ्याच्या दिशेने चढताना मार खातं. अटलांटिकमध्ये पाठीवर वारा घेऊन जाणाऱ्याला ते चालतं. आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळा संपल्यावर मे महिन्यापर्यंत दुपारचा वारा वायव्येकडून येतो. म्हणजे गोव्याहून मुंबईकडे यायचं तर तो तोंडावर. रात्री जमिनीवरून सुटणाऱ्या वाऱ्यावर थोडं सरकता येतं, तेवढंच. तेव्हा इथल्या माणसाला वाऱ्यावर न चढणारी नौका उपयोगाची नाही. नॉर्वेतल्या हौशी मंडळींनी यावर उपाय काढला. प्रत्येक कप्पा सपाट न ठेवता त्याला थोडा फुगवटा देऊन शिवायचा, उशीच्या अभ्र्यासारखा. मी तेच घेतलं आहे. दुसरा तोटा दोऱ्यांचा. प्रत्येक दांडीमागे दोरी म्हणजे शेकडो मीटर दोरी, आणि ती कुठे ना कुठे घासतच असते.

आणि मोकळी डोलकाठी मोडत नाही असं मुळीच नाही. १९६८ सालची एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करायची पहिली शर्यत तुम्ही कदाचित ऐकली असेल. नऊ जण निघाले, एकच परत आला. त्या नऊ जणांत बिल किंग नावाचे माजी पाणबुडी अधिकारी होते. त्यांची ‘गॅलवे ब्लेझर टू’ ही ४२ फुटी, दोन डोलकाठ्यांची जंक नौका खास या कामासाठी बांधलेली. दक्षिण अटलांटिकमध्ये ती लाटेने उलटली, डोलकाठी गेली, आणि ते कसेबसे केप टाउनला लागले. जो परत आला तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ३१२ दिवसांनी. त्याची ‘सुहेली’ ३२ फुटी, तारांनी बांधलेल्या डोलकाठ्यांची, जुन्या वळणाची. ती बांधली होती आपल्या मुंबईत, सागवानाची, इथल्या सुतारांच्या हातांनी.

सुहेलीची गोष्ट इथे संपत नाही. २०१८ साली त्या शर्यतीची पन्नाशी म्हणून तशीच शर्यत पुन्हा झाली. तिच्यासाठी अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ बांधली गेली, सुहेलीच्याच नमुन्याबरहुकूम, गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये. दांडेकरांचं नाव आपल्या पोरांनी शाळेत शिकावं असं मला वाटतं. मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या या छोट्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. ५६ फुटी, लाकूड आणि फायबरची. १९ ऑगस्ट २००९ ला कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० ला जगप्रदक्षिणा करून परत आले, पहिले भारतीय. त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता जाऊन आले. पुढे तिथेच ‘तारिणी’ झाली, आणि २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरल्या. यातल्या एकाही नौकेला जंक शीड नाही. तरी मी हे सांगते, कारण ‘आपल्याकडे अशा गोष्टी होत नाहीत’ हे वाक्य मला घरात, ऑफिसात आणि काल चहाच्या टपरीवरही ऐकावं लागलं.

थुरियाचं पुढे काय झालं तेही सांगते. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात ती उलटली, डोलकाठी गेली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. म्हणजे तारांची असो की मोकळी, दक्षिणेच्या त्या समुद्रात डोलकाठीची हमी कुणी देत नाही. माझा नवरा हे वाक्य आमच्या घरी वारंवार म्हणतो. त्याचं म्हणणं चूक नाही, म्हणून माझी नौका त्या समुद्रासाठी नाहीच. कोकण, केरळ, लक्षद्वीप, जमलं तर श्रीलंका.

आता आमच्या घरातल्या भांडणाकडे येते. भांडण लांबीचं होतं. मला बारा मीटर हवी होती, नवऱ्याला नऊ. दोघेही इंजिनिअर, त्यामुळे भांडणसुद्धा एक्सेल शीटवर झालं.

हौशी बांधणारे बांधकामाचे तास नौकेच्या वजनावरून धरतात. मी टनाला सातशे तास धरले. नऊ मीटरची नौका साडेचार टनांच्या आसपास, म्हणजे तीन हजार तास. साडेदहाची सात टन, पाच हजार तास. बाराची साडेदहा टनांना टेकते, सात हजारांच्या पुढे. नोकरी, मुलगी आणि दोन्हीकडचे म्हातारे आईवडील सांभाळून आठवड्याला सरासरी पंधरा तास निघतात. वर्षाला साडेसातशे. मग नऊ मीटरला चार वर्षं, साडेदहाला साडेसहा, आणि बाराला जवळपास दहा. आज मी सेहेचाळीस वर्षांची आहे. साडेदहावरून बारावर जायचं म्हणजे फक्त दीड मीटर, पाच फूट, एक पलंग लावायची जागा. त्याची किंमत आयुष्यातली तीन वर्षं, तीही पन्नाशीनंतरची, जेव्हा गुडघे आपले राहिलेले नसतात. हा आकडा शीटवर दिसला तेव्हा मी बाराचा हट्ट सोडला.

मग नऊच का नाही? कारण पाणी, शिधा, इंजिन, डिझेल, नांगर, साखळी आणि माणसं मिळून दीडेक टन भरतात, नौका लहान असो की मोठी. साडेचार टनांच्या नौकेला हा भार तिसरा हिस्सा होतो आणि ती बुडत चाललेल्या म्हशीसारखी चालते. सात टनांना तो पाचवा हिस्सा पडतो. शिवाय नऊ मीटरमध्ये उभं राहायचं तर छत उंच करावं लागतं, आणि मग नौका पाण्यावर ठेवलेल्या टपरीसारखी दिसते. नवऱ्याने हे दुसरं कारण मान्य केलं नाही, पहिलं केलं. साडेदहा ठरली.

ठरल्यावर माझ्या लक्षात आलं की पीट आणि ॲनी हिल या इंग्रज जोडप्याने स्वतःच्या हातांनी प्लायवुडची जी ‘बॅजर’ बांधली, ती ३४ फूट, म्हणजे जवळजवळ तेवढीच. तीही दोन डोलकाठ्यांची जंक. थोड्या पैशात समुद्रावर कसं जगायचं याचं ॲनी हिल यांचं पुस्तक १९९३ साली निघालं आणि घरी नौका बांधणाऱ्यांत ते फार वाचलं जातं. याच बाईंनी पुढे वयाच्या साठीत न्यूझीलंडमध्ये स्वतःसाठी दुसरी जंक नौका बांधली, एकटीसाठी. ती २६ फुटी. दोन माणसांची ३४, एका माणसाची २६. मला यात योगायोग दिसत नाही. इंग्लंडचे हात काय आणि कोल्हारचे काय, सारखेच थकतात.

नकाशा कसा केला ते थोडक्यात. आकार संगणकावर काढला, त्यासाठी फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. फळ्या सपाट उलगडायचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला, कारण आठ बाय चारच्या प्लायमधून कमीत कमी तुकडे वाया जायला हवेत. प्लाय ‘आयएस ७१०’ शिक्क्याचा, मरीन. स्वस्त पडतो म्हणून ३०३ घेऊ नका असं मला तिघा दुकानदारांनी स्वतःहून सांगितलं, हे त्यांच्याबद्दल चांगलं बोलायची संधी म्हणून सांगते. हिशेब माझा असला तरी तो एका नौका-अभियंत्याकडून तपासून घेतला, पैसे देऊन. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शुक्रवारी चुकलेलं सोमवारी दुरुस्त करून पाठवता येतं. पाण्यात तसली सोय नाही.

मग केलं एक अष्टमांश मापाचं मॉडेल, सव्वा मीटरहून थोडं मोठं. पुन्हा बाईंचा घन. लांबी आठवा हिस्सा, तर वजन पाचशे बारावा. सात टनांची नौका चौदा किलोची झाली. शीड आपल्या बाजारातल्या मंडपाचं काम करणाऱ्या शिंप्याने शिवलं. त्याने फुगवट्याची शिवण पाहून विचारलं, “हे छत आहे की उशी?” पाण्यासाठी भावाचं शेततळं. मॉडेलला मोठ्या नौकेपेक्षा खूप हलका वारा लागतो, गणिताने साधारण एक-तृतीयांश वेगाचा, म्हणून पहाटे साडेपाचला जायचं. झुळूक जरा वाढली की तिच्यासाठी ते वादळ. भाऊ बांधावर उभा राहून बघायचा. एकदा वारा अचानक आला, मॉडेल पार आडवं झालं, शीड पाण्याला लागलं, आणि सावकाश उठून पुन्हा सरळ झालं. भाऊ म्हणाला, “ताई, हिला मीच घेऊन जातो रामेश्वरला.” तोवर तो या सगळ्याला ‘तुझं ते खेळणं’ म्हणत होता.

आता दुसरा समज. नाही, ती प्रवरेत चालणार नाही. भंडारदऱ्यातून पाणी सुटलं की पुलाखाली काय वाहतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि एरवी वाळूत गुडघाभर. शिवाय रस्त्याने वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंतच चालते, त्यापुढे वेगळी परवानगी. माझी नौका सव्वातीन मीटर रुंद आहे. ती अख्खी कोल्हारात बांधून सह्याद्री उतरवायची म्हणजे मिरवणूक होईल. तेव्हा तिचं अंग कोकणात भाड्याच्या शेडमध्ये उभं राहील. मी तोवर घरून काम करते त्याऐवजी तिथून करेन.

पण डोलकाठ्या, शिडं, सुकाणू आणि आतल्या आडव्या भिंती कोल्हारातच होणार, आणि यामागे माहेरच्या प्रेमापेक्षा हवेचा विचार जास्त आहे. लाकूड चिकटवायचं तर त्यात ओल कमी हवी, बारा टक्क्यांच्या आसपास. कोकणात ते राखणं कठीण. आपल्याकडचा डिसेंबर-जानेवारी कोरडा ठणठणीत. रात्री थंडीने एपॉक्सी सावकाश धरते, म्हणून काम उन्हात सुरू करायचं. आणि जागा तयारच आहे. भावाची चाळीस फुटी कांदा चाळ. उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये भरतो आणि दिवाळीच्या आगेमागे निघून जातो, मग मार्चपर्यंत चाळ रिकामी. पुढची डोलकाठी साडेनऊ मीटरची, म्हणजे एकतीस फूट. आरामात बसते. वहिनीची अट एकच, मार्च संपायच्या आत चाळ झाडून परत पाहिजे.

डोलकाठी एकसंध सोट नसते. आठ लांब पट्ट्या, पिंपाच्या फळ्यांसारख्या एकमेकींत बसवून आतून पोकळ नळी करायची. आठही पट्ट्यांना एपॉक्सी लावून, ती घट्ट व्हायच्या आत, सगळी लांबी एकाच वेळी आवळावी लागते. तासाभरात. त्याला शिकंजे पुरत नाहीत. उत्तम चालतात ते ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे लांब पट्टे, ताणून गुंडाळलेले. आणि हे एक काम असं आहे की दोन माणसांना होत नाही. एकतीस फुटांवर किमान वीस हात लागतात.

तेव्हा ज्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्यूब बाद झाल्या आहेत त्यांनी त्या फेकू नका, जेवणाच्या सुटीत मला सांगा. काम डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी दहाला. जुने कपडे घालून या, एपॉक्सी निघत नाही. जेवण वहिनीकडे आहे.